थिजलेलं खोबरेल

देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा मी हा विषय काढत नाही. सगळ्यांना सुखी ठेव, असं पुटपुटते, निरांजन ओवाळते आणि बाहेर येते. आईला सांगितलं नाही, बहिणीला सांगितलं नाही. नवऱ्याला — छे, त्याला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतेय. का, ते विचारू नका. मलाही नीट माहीत नाही.

आधी नवऱ्याबद्दल सांगते. सुहास त्याचं नाव. आम्ही कुवेतमध्ये सलव्याला राहतो. लग्न झाल्यावर आलो ते इथलेच झालो. तो गुहागरकडचा, मी सांगलीची. तो ऑडिटर होता. होता म्हणते, कारण आता नाही. शहरातल्या शर्क भागात एका मोठ्या कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधायचं काम, आणि ते तो इतकं निवांतपणे करायचा की बघणाऱ्याचा जीव जावा. माझा जायचा. भेंडी घ्यायला गेला तर एकेक शेपूट मोडून बघणार. गाडी सुरू करण्याआधी सगळे आरसे पुसणार. मी तोवर शेजारच्या सीटवर डोक्याला हात लावून बसलेली. मला सगळं पटापट लागतं. शाळेत एनसीसीत होते, रायफल चालवली होती, नेमबाजीत पहिली आले होते — हे मी भेटलेल्या प्रत्येक माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगते. तुम्हालाही सांगून झालं बघा.

आता सुहास निवांत नाही. निवांत माणसाला आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक असतं. सुहास घाबरलेला आहे. कुलूप लावतो, लिफ्टपर्यंत जातो, परत येतो, कुलूप ओढून बघतो, पुन्हा लिफ्टपर्यंत जातो आणि मग मला विचारतो, "मेधा, कुलूप मी लावलं का गं?" मी म्हणते, लावलंस. मग त्याचा चेहरा निवळतो. स्वतःच्या डोळ्यांवर नाही, स्वतःच्या हातावर नाही, माझ्या शब्दावर तो चालतो. माझ्या! हसू येतं कधीकधी. खरंच येतं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहते.

पण मी भलतीकडेच चालले. बंदुकीचं सांगायला हवं.

सुहासच्या कंपनीच्या मालकांचे थोरले भाऊ होते, अबू नासर. थोरला मुलगा नासर, म्हणून अबू नासर. खरं नाव कुणी घ्यायचंच नाही. सुहासलाही ते आमच्या मुलीच्या नावाने 'अबू सई' म्हणायचे आणि सुहास एवढा खूश व्हायचा की विचारू नका. अबू नासर तरुणपणी अमेरिकेत शिकले. तिथे त्यांना जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्वरचा नाद लागला. जुन्या पद्धतीच्या, पण जुन्या नव्हेत — जुन्याची हुबेहूब नक्कल करून इटलीत आजही बनवतात, तशा. लांब नळी, पितळेचा घोडारक्षक, लाकडी मूठ. त्यांचे रीतसर परवाने होते, आणि वाळवंटात ओळखीच्या एका खासगी रेंजवर ते हिवाळ्यातल्या शुक्रवारी सकाळी मोजक्या लोकांना बोलवायचे. चहा, खजूर, गालिचे, बायका-मुलं, आणि पलीकडे वाळूचा उंच बांध, त्याच्यापुढे लोखंडी ताटल्या टांगलेल्या. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सुहास ते रिव्हॉल्वर बघून ओरडलाच, "अगं, ही तर ठासणीची!" त्याच्या चुलत्यांकडे डुकरं हाकलायला ठासणीची बंदूक होती. तिचाच हा सुटाबुटातला भाऊ.

तुम्ही कधी बघितलं नसेल, म्हणून सांगते. यात तयार काडतूस नसतं. फिरत्या चाकाला सहा घरं असतात. प्रत्येक घरात मापाने काळी दारू ओतायची. त्यावर शिशाची गोल गोळी ठेवायची आणि नळीखालच्या दांड्याने ती आत ठासायची. गोळी घराच्या तोंडापेक्षा केसभर मोठी असते, म्हणून आत जाताना तिच्या कडेचं शिसं सोलून निघतं आणि एक बारीक चमकती कडी बाहेर पडते. कडी पडली म्हणजे गोळी घट्ट बसली. मग घरांच्या तोंडावर चरबीचा लेप द्यायचा. अगदी शेवटी, निशाण्यासमोर उभं राहिल्यावर, मागच्या बोंड्यांवर तांब्याच्या इवल्याशा टोप्या बसवायच्या. ही चरबी कशाला? तर एका घराची दारू उडते तेव्हा तिची ठिणगी शेजारच्या घरात शिरू नये म्हणून. शिरली तर शेजारचंही उडतं. नळी एकच, ती एकाच घरासमोर. बाकीच्या गोळ्या मग वाट फुटेल तिकडे.

हे सगळं मला पाठ होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायला कुठे फटच नाही. अबू नासर दर शुक्रवारी नव्याने सांगायचे. आणि त्यांचा एक कायदा होता — ज्याने भरलं त्यानेच झाडायचं. दुसऱ्याने भरलेलं हातात घ्यायचं नाही, आणि आपण भरलेलं दुसऱ्याला द्यायचं नाही. "दुसऱ्याने चावून दिलेला घास तू खातोस का?" असं ते इंग्रजीत विचारायचे आणि स्वतःच गडगडाटी हसायचे.

आमच्या दोघांत मात्र हा कायदा थोडा वाकवलेला होता. चरबीचं काम माझ्यासाठी सुहास करायचा. ती चरबी बकऱ्याची, मेण घालून कढवलेली, पत्र्याच्या डबीत. मी शाकाहारी. नुसता वास आला तरी मी ओढणी नाकाला लावायचे. सुहास मासे खाणारा माणूस, त्याला काय त्याचं! उजव्या हातात माझं रिव्हॉल्वर धरून डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने तो एकेका घरावर लेप द्यायचा आणि चिडवायचा, "शाळेत काडतुसांचा धडा फारच मनावर घेतलास बाई तू." मग तेच बोट माझ्या नाकाजवळ आणायचा. मी किंचाळायचे. सई खिदळायची. सोललेल्या शिशाच्या कड्या ती तिच्या बाहुलीच्या बांगड्या म्हणून गोळा करायची, आणि मी मागे लागायचे, हात धू, आधी हात धू.

सुख असं होतं. आणि ते चालू असताना मी काय करत होते? मी लाजत होते. सुहासची लाज वाटायची मला. सगळ्यांचं भरून व्हायचं आणि हा अजून तिसऱ्या घरावर. गोळी ठासली की चाक फिरवून बघणार, कडी पडली का, सगळीकडून सारखी पडली का. नसेल तर ती गोळी बाजूला काढून ठेवणार, सगळं पहिल्यापासून. लोक खोळंबायचे. कुणी बोलायचं नाही, पण मला वाटायचं सगळे माझ्याकडेच बघताहेत, की हिचा नवरा असा. मी बाई असून माझं आधी व्हायचं आणि माझी गोळी नळीतून सुटली की ताटली वाजायचीच. अबू नासर टाळी वाजवायचे. ती टाळी मला फार आवडायची हो.

तो फेब्रुवारीचा शेवटचा शुक्रवार. पहाटे कडाक्याची थंडी होती, आणि आदल्या दिवशी सईची वेणी घालायची राहिली म्हणून मी खोबरेलाची छोटी बाटली पर्समध्ये टाकली होती. रुंद तोंडाची, सासूबाईंनी घाण्यावरून काढून पाठवलेल्या तेलाची. थंडीने ते पांढरं घट्ट झालं होतं. गाडीत मी बोटाने खरवडून सईच्या केसांना लावलं, तेव्हा सुहास म्हणाला, "गुहागरला एवढं कधी थिजत नाही."

रेंजवर सुहासने त्याच्या रिव्हॉल्वरच्या घरांत दारू ओतली. मापाने, सावकाश, नेहमीसारखी. तेवढ्यात सईला शू लागली. बायकांची सोय लांब, गाडीने जायची. माझं भरून झालं होतं, चरबीही त्याने लावून दिली होती, आणि लगेच माझीच पाळी होती, म्हणून तो म्हणाला, मी नेतो. दारू सांडू नये म्हणून रिव्हॉल्वर नळी वर करून टेबलावरच्या खाचेत ठेवलं आणि गेला. मला वाटतं जाताना त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, असू दे तसंच, अशा अर्थाने. मला वाटतं. त्या मानेचा अर्थ काय होता, यावर मी इतक्या वेळा विचार केलाय की आता तो काहीही होऊ शकतो.

माझी पाळी आली, मी झाडून आले, चार ताटल्या वाजल्या. आणि सुहासचं टेबलावर अर्धवट. पुढची पाळी त्याची. म्हणजे तो येणार, मग गोळ्या, मग कड्या तपासणार, मग चरबी. सगळे पुन्हा थांबणार. मी — मी त्याचं रिव्हॉल्वर उचललं. कुणी बघत नव्हतं, चहा चालला होता. गोळ्यांच्या दोन डब्या होत्या, एक त्या रिव्हॉल्वरची, एक दुसऱ्या, जरा लहान मापाच्या रिव्हॉल्वरची. हाताला येईल ती डबी मी घेतली. पहिली गोळी ठासली. ती गेली. बोट लोण्यात जावं तशी गेली. कडी पडली नाही.

इथे थांबते. कारण खरं तर हीच ती जागा आहे. मला दिसलं होतं, कडी पडली नाही. दुसरी ठासली, तेव्हाही पडली नाही. याचा अर्थ मला कळत होता. डबी बदलायची, ठासलेल्या गोळ्या काढायच्या, अबू नासरना हाक मारायची — मग ते विचारणार, दुसऱ्याचं तू का भरतेस? सगळ्यांसमोर विचारणार. मी मनाशी म्हटलं, चरबी आहेच की वरून. आणि उरलेल्याही ठासल्या.

मग चरबीची डबी उघडली, आणि तो वास आला. बोट घालवेना. सुहास नव्हता ना बोट घालायला! माझी पर्स तिथेच होती. आत खोबरेल, पांढरं, घट्ट, चरबीसारखंच दिसणारं. मी बाटलीतून नखाने ते काढलं आणि सहाही घरांची तोंडं छान लिंपून टाकली. वर हातही फिरवला, गुळगुळीत दिसावं म्हणून. स्वतःवर खूश होते मी. शाकाहारी उपाय!

नंतर निशाण्याच्या ताटल्या बदलायला माणसं गेली. वेळ गेला. टेबलावरची सावली सरकली आणि ते काळं लोखंड उन्हात आलं. खोबरेलाला उन्हात काय होतं ते मराठी घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हिवाळ्यात आपण बाटली खिडकीत ठेवतो ती कशासाठी? मी गालिच्यावर बसून खजूर खात होते.

सुहास आला. सईला माझ्याकडे सोडली. त्याला सगळे हाका मारत होते, यल्ला, यल्ला, चल लवकर. तो टेबलापाशी जरा रेंगाळला, रिव्हॉल्वर उचलून घरांकडे बघू लागला, आणि मी इथून ओरडले, "चल ना रे आता, किती वेळ!" तेव्हा तो गेला. माझ्या आवाजाने गेला. टोप्या त्याने स्वतः बसवल्या.

रिव्हॉल्वर जड होतं, म्हणून तो दोन्ही हातांनी धरायचा आणि कधीकधी डावा हात पुढे, नळीखाली घ्यायचा. तसं करायचं नसतं. त्या दिवशीही त्याने तो घेतला होता. हे खरं आहे, आणि या अर्ध्या खऱ्यावर मी आजपर्यंत निभावून नेलंय.

आवाज एक नव्हता. मोठा होता आणि फाटलेला होता, कापड टरकावं तसा. धूर दाट, पांढरा, दिवाळीच्या सकाळच्या वासाचा. धुरातून सुहास ओरडला नाही. तो डाव्या हाताकडे बघत उभा होता आणि पहिलं वाक्य तो काय बोलला, सांगू? "मेधा, सईला तिकडे ने."

पहिली दोन बोटं. मधल्या पेराच्या पुढे काही राहिलं नव्हतं.

अबू नासरनी डोक्यावरचा रुमाल काढून त्याच्या हाताला गुंडाळला. कुणीतरी गाडी आणायला धावलं. अबू नासर पांढरे फटक पडले होते. त्यांनी रिव्हॉल्वर उचलून घरांची तोंडं बघितली. तिथे काही नव्हतं, सगळं वितळून ओघळून गेलेलं. ते हळूच म्हणाले, कुणी भरलं हे? आवाजात राग नव्हता. समजून घ्यायचं होतं त्यांना, एवढंच. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण सुहास बोलण्याच्या अवस्थेत नव्हता.

मी म्हटलं, त्यानेच. तो स्वतःचं स्वतःच भरतो.

एवढ्यावर थांबले असते तर — तर काय, काही नाही. पण थांबले नाही. मी पुढे म्हटलं, "मी त्याला सांगत होते, घाई करू नकोस."

सुहासने ते ऐकलं. डोळे अर्धे मिटलेले होते, पण ऐकलं, कारण त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. शाळेत वर्गासमोर उभं केलेला मुलगा घालतो तशी.

मी पोलिसांना घाबरले होते का? इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जाईल, हाकलून देतील, सईची शाळा सुटेल, याची भीती होती का? ती भीती आली, हो. पण ती दवाखान्याच्या वाटेवर गाडीत आली. खोटं तिच्याआधी बोलून झालं होतं. ते मी भीतीने बोलले नाही. लोक बघत होते म्हणून बोलले. नंतर पोलिसांनी विचारलं, अबू नासरनी दुभाष्याचं काम केलं, आणि मी तेच पुन्हा सांगितलं, या वेळी जास्त चांगलं.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर सुहास पांढऱ्या गुंडाळलेल्या हाताकडे बघत पडला होता. मग म्हणाला, "मला मधलं काही आठवत नाही गं. दारू घातलेली आठवते. सईला नेलेलं आठवतं. टोप्या बसवलेल्या आठवतात. मधल्या गोळ्या, चरबी... मधलं कुठे गेलं?"

मधलं मी केलं. तीन शब्द. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "धक्क्याने होतं असं. डॉक्टर म्हणाले." डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते.

त्याने पांढऱ्या पट्टीची सैल झालेली कड आत खोचली. मग म्हणाला, "म्हणजे चरबी मीच विसरलो." आणि मी त्याच्या कपाळावरून हात फिरवून म्हटलं, "होतं रे कधीतरी. जाऊ दे." कळतंय ना तुम्हाला मी काय केलं? मी त्याला माफ केलं. मोठ्या मनाने. तो रडला आणि माझा हात त्याने उरलेल्या हाताने धरून ठेवला.

घरी आल्यावर इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी डबे आणले. किती धीराची तू, म्हणाल्या. एवढं झालं तरी नवऱ्याला एका शब्दाने बोलली नाहीस. मी खाली मान घालून ऐकलं आणि डबे धुऊन परत केले, रिकामे द्यायचे नाहीत म्हणून त्यांत साखर घालून.

बोटांचं म्हणाल तर त्याने बोटांचं दुःख फार केलं नाही. टायपिंग शिकला पुन्हा. शर्टाची बटणं, बुटाची नाडी, सगळं शिकला. पण ज्या माणसाने कड्या तपासल्याशिवाय पाऊल पुढे टाकलं नाही, त्याला मी सांगितलं होतं की तू विसरलास. तू, जो विसरत नाहीस. मग त्याचा कशावर भरवसा राहणार? ऑफिसात तो एकच आकडा पुनःपुन्हा बघत बसू लागला. लोक घरी जायचे, हा दिवा लावून तिथेच. शेवटी सही करायची वेळ आली की हात थांबायचा. कंपनीने पुष्कळ सांभाळून घेतलं, मग त्यानेच राजीनामा दिला. "दुसऱ्याच्या चुका शोधायला आपण कोण?" असं म्हणाला, हसत. आता घरून थोडं काम करतो, आणि ते मी डोळ्यांखालून घातल्याशिवाय पाठवत नाही. गाडी चालवायची सोडली. सई लहान असताना एकटा तिला घेऊन रस्ता ओलांडायचा नाही. मला फोन करायचा, तू येतेस का खाली? आता सई शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला हे बाबा एवढेच माहीत. "बाबा, यू ऑलरेडी चेक्ड," ती वैतागून म्हणते, माझ्याच आवाजात.

कधीच बोलावंसं वाटलं नाही का? वाटलं. एकदा समुद्राकाठी चालताना मी म्हटलं, सुहास, त्या दिवशीचं एक सांगायचंय. तो म्हणाला, नको ना तो विषय. मला हायसं वाटलं. घरी येऊन मी थालीपीठ लावलं आणि दोघांनी पोटभर खाल्लं.

त्या अपघातानंतर अबू नासरनी सगळी रिव्हॉल्वर सरकारजमा केली. शुक्रवार बंद झाले. या वर्षी कळलं, ते फार आजारी आहेत, घरीच अंथरुणाला खिळलेत. सुहास म्हणाला, मला जायचंय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो स्वतःहून कुठे जायचंय म्हणाला. मी गाडी काढली.

त्यांच्या दिवाणखान्यात पलंग आणला होता. अबू नासर मुठीएवढे झाले होते. "या अबू सई," म्हणाले, आणि सुहासचा डावा हात दोन्ही हातांत घेऊन बसले. मग सुहासने, माझ्या सुहासने, त्यांची माफी मागितली. इंग्रजीत, एकेक शब्द जुळवून, पाठ करून आणल्यासारखी. माझ्या एका विसरण्याने तुमचा आनंद गेला, म्हणाला. तुमची माणसं तुटली. मी तेव्हा बोललो नाही, आज बोलतो, मला क्षमा करा.

अबू नासरनी मान हलवली. म्हणाले, मी वर्षानुवर्षं विचार करतोय. तिथे येणाऱ्यांत तूच एक असा होतास की कडी पडल्याशिवाय पुढे जायचा नाहीस. तू कसा विसरलास, ते मला कधी कळलं नाही.

सुहास म्हणाला, "मलाही नाही."

मी तिथेच होते. खुर्चीत, हाताच्या अंतरावर. मरणाच्या दारातला एक माणूस विचारत होता, आणि दुसरा त्याला उत्तर देऊ शकत नव्हता, आणि उत्तर मांडीवर पर्स घेऊन बसलं होतं. त्यांच्या बायकोने मला कॉफी दिली. मी ती प्यायले. वेलदोड्याचा वास छान आहे, असंसुद्धा म्हटलं.

पुढच्या आठवड्यात ते गेले. त्यांना न कळताच गेले.

आज शुक्रवार आहे. थंडी आहे. सकाळी सुहासने खोबरेलाची थिजलेली बाटली गॅलरीतल्या उन्हात नेऊन ठेवली आणि तिच्याजवळ उभा राहिला. हिवाळ्यात माझं डोकं दुखतं, म्हणून तो दर शुक्रवारी मला तेल लावून देतो. बाटली हलवून म्हणाला, "बघ, एवढ्यात पाणी झालं." मी म्हटलं, हो.

मी खाली बसले, तो मागे खुर्चीत. त्याच्या उजव्या हाताची पाच बोटं आणि डाव्याची तीन माझ्या केसांत फिरत होती. तो म्हणाला, माफी मागून आल्यापासून हलकं वाटतंय गं. तू बरोबर होतीस म्हणून जमलं. मग हात थांबले.

"मेधा, गॅस मी बंद केला का गं? हाताला तेल आहे, नाहीतर बघून आलो असतो."

"केलास," मी म्हटलं. माझे डोळे मिटलेले होते.